धंद्यात नवा भागीदार घेताना

फेरेटच्या टोळक्याला इंग्रजीत ‘बिझनेस’ म्हणतात. मराठी माणूस धंद्यात पडत नाही ही जुनी तक्रार आमच्या घरापुरती तरी मिटली. तात्या आणि ठकी हे मूळ भागीदार. पिंट्या गेल्या हिवाळ्यात आला. ज्यांच्याकडे असाच तिसरा येऊ घातला आहे, त्या नवशिक्यांसाठी हे चार शब्द.

सुरुवात कायद्यापासून करावी. आम्ही जर्सी सिटीत राहतो. इथे परवाना काढून फेरेट पाळता येतो. नदीपलीकडे न्यूयॉर्क शहरात बंदी, कॅलिफोर्नियात तर राज्यभर. मग घरच्यांना सांगावं. सांगलीहून व्हिडिओ कॉलवर आई म्हणेल, “अगं, दोन मुंगसं कमी पडली का?” ही मुंगसं नव्हेत, पाणमांजराच्या गोतातली आहेत, असं समजावू नये. पाणमांजर म्हटल्यावर ती जास्त घाबरते.

नव्याला पहिले दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावं. कुत्र्यांचा डिस्टेंपर फेरेटला झाला तर तो सहसा वाचत नाही, म्हणून आधी डॉक्टर आणि लस, मग गाठीभेटी. आपल्याला सर्दीताप असेल तर आपणही दाराबाहेर थांबावं. माणसाचा फ्लू त्यांना होतो. 1933 साली लंडनच्या शास्त्रज्ञांनी त्याचा विषाणू वेगळा काढला तो फेरेटच्याच जिवावर. या दिवसांत पांघरुणांची अदलाबदल करावी, म्हणजे माणूस भेटण्याआधी वास ओळखीचा होतो. तात्याने पिंट्याचं पांघरूण हुंगलं, फरफटत कोपऱ्यात नेलं आणि त्यावर शी केली. हा अभिप्राय मनाला लावून घेऊ नये.

प्रत्यक्ष भेट कोणाचीच मालकी नसलेल्या जागी घडवावी. आमच्याकडे अशी जागा एकच, बाथरूम. दोघांच्या मानेवर माशाच्या तेलाचा एकेक थेंब लावावा. चाटण्यात गुंतले की वैर जरा लांबतं. आमच्याकडे ते साधारण अर्धा मिनिट लांबलं. मग तात्याने पिंट्याची मानगूट धरली, उताणा पाडला आणि टबाभोवती फिरवला. पिंट्याची शेपटी बाटली धुवायच्या ब्रशसारखी फुलली. किंकाळी ऐकू आली ती माझी.

इथे नवशिक्याने काय करावं? काही नाही. स्वतःचे हात स्वतःच धरून बसावं. मानगूट धरून लोळवणं ही त्यांची नाव-गाव विचारण्याची रीत आहे. पाठीची कमान करून कुणी आडव्या उड्या मारत भिंतीवर आपटला, तोंडाने ‘डूक डूक’ करू लागला, तर तो आनंदात आहे. रक्त निघालं, ओरडणं थांबेना, किंवा भीतीने जागीच शी झाली, तरच उचलावं. पहिल्या दिवशी मी पिंट्याला अकरा वेळा सोडवलं. नवऱ्याने मोजलं. अकराही वेळा तो माझ्या हातातून निसटून तात्याकडेच गेला.

ठकी या सगळ्यात झोपलेली होती. दिवसाचे चौदा तास तरी झोपतातच ते, आणि झोपतात असे की उचललं तरी मान लोंबते. तिसऱ्या आठवड्यात तिघं एका झोळीत तशी लोंबताना दिसली, तेव्हा मी एकेकाला गदागदा हलवलं. तिघांनी जांभई दिली. असं हलवू नये.

आता सोफ्याखाली हात घालावा. ‘फेरेट’ या शब्दाचं मूळ लॅटिनमधल्या चोराशी जाऊन भिडतं, तेव्हा तिथे काहीतरी असणारच. रबराचं काही सापडलं तर लगेच काढून घ्यावं, गिळलं तर आतडं अडतं. आम्हाला सापडले चार मोजे, इअरफोनचा एक कान आणि मी आठवडाभर शोधत असलेली गाडीची किल्ली. किल्ली मी टेबलावर ठेवली. संध्याकाळी ती पुन्हा सोफ्याकडे निघाली होती. पिंट्या ओढत होता, तात्या मागून ढकलत होता.