परलोक-संशोधन : नवशिक्यांसाठी

साहित्य : एक वजनकाटा, एक उलटी वाटी, एक उंच फळी, एक आकड्यांचे कुलूप. मृत व्यक्ती लागत नाही. मरणाच्या दारात असलेली लागते, आणि तिची परवानगी आधीच घ्यावी. नंतर अडचण येते.

सुरुवात काट्यापासून करावी. अमेरिकेत हेव्हरहिल गावी डॉ. डंकन मॅकडूगल यांनी 1901 साली तशीच केली. रुग्णाची खाट काट्यावर ठेवली आणि प्राण जाताना वजन किती उतरते ते पाहिले. पहिल्याच रुग्णाचे पाऊण औंस, म्हणजे सुमारे 21 ग्रॅम उतरले. हुशार नवशिक्याने इथे थांबावे. मॅकडूगल थांबले नाहीत. सहा रुग्णांपैकी दोघांची मोजणी बाद करावी लागली, उरलेल्यांचे आकडे एकमेकांशी जुळेनात. मग त्यांनी 15 कुत्रे तोलले. त्यांचे वजन घटले नाही, म्हणून कुत्र्याला आत्मा नाही, असे ठरले. (घरी कुत्रा असल्यास हे वाक्य मनातल्या मनात वाचावे.) 1907 मध्ये हे छापून येताच डॉ. क्लार्क नावाच्या गृहस्थांनी शंका काढली, की मरताना फुप्फुसे रक्त थंड करायची थांबतात, अंग तापते, घाम सुटून वजन घटते. आणि कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. ही शंका कुणाला आठवत नाही. 21 हा आकडा सगळ्यांना आठवतो, त्या नावाचा सिनेमाही निघाला.

काटा परवडत नसेल तर प्लँचेट करावे. वाटीवर बोटे टेकवावीत, दिवा मंद करावा, आणि शास्त्रज्ञ मायकेल फॅराडेला मुळीच बोलावू नये. 1853 मध्ये लंडनला जो तो आत्मे बोलावून टेबले फिरवत होता, तेव्हा या माणसाने लोकांच्या हाताखाली सरकते पुठ्ठे आणि एक दर्शक काडी बसवली. आधी हात सरकतात, मग टेबल, हे काडीने दाखवले. काडी लोकांच्या डोळ्यांसमोर ठेवताच टेबल हलेना. गंमत म्हणजे कुणीच लबाडी करत नव्हते; ढकलणाऱ्याला आपण ढकलतोय याचा पत्ताच नव्हता.

फळीचा प्रयोग मात्र मनापासून करावा, कारण फसला तर फसला हे त्यात लपवता येत नाही. डॉ. सॅम पार्निया यांच्या चमूने 2008 पासून 15 रुग्णालयांत छताजवळ फळ्या ठोकल्या आणि वर फक्त वरूनच दिसतील अशी चित्रे ठेवली. हृदय बंद पडलेल्या माणसाने ‘मी वरून सगळे पाहिले’ म्हटले, की चित्र विचारायचे. 2060 प्रकरणे नोंदली गेली, वाचलेल्यांपैकी 101 जणांच्या पूर्ण मुलाखती झाल्या. काही पाहिल्या-ऐकल्याची नीट आठवण दोघांनी सांगितली. त्या दोघांची हृदये जिथे बंद पडली, तिथे फळी नव्हती.

नवशिक्याने यातून फळ्या वाढवायला शिकावे.

पुनर्जन्माची हौस असलेल्यांना नागपूर सोयीचे. तिथली एक मराठी बाई 1974 च्या सुमारास अधूनमधून जुन्या काळची बंगाली स्त्री होऊन बंगाली बोलू लागे. व्हर्जिनिया विद्यापीठाचे इयान स्टीव्हन्सन यांनी तिच्यावर बरेच लिहिले. बाई आधी थोडे बंगाली शिकल्या होत्या, हेही नोंदीत आहे. वाचताना ते पान उलटू नये.

याच स्टीव्हन्सन यांनी आकड्यांचे एक कुलूप स्वतः लावून कार्यालयात ठेवले : मेल्यावर आकडा कळवीन, उघडा. 2007 मध्ये ते वारले. कुलूप उघडल्याचे ऐकिवात नाही. तुम्हीही एक घ्यावे. आकडा बायकोला सांगू नये. जादूगार हुडिनीने मेल्यावर पाठवायचा आपला सांकेतिक संदेश बायकोला सांगितला होता. 1929 मध्ये एका माध्यमाने तो संदेश बरोबर सांगितला तेव्हा मोठा गाजावाजा झाला, पण त्या सांकेतिक भाषेची रीत आदल्या वर्षीच हुडिनीच्या चरित्रात छापून आली होती. डायरीत, फोनमध्ये, भिंतीवरच्या कॅलेंडरावर आकडा लिहू नये. आणि ते कुलूप लावलेल्या कपाटात घराची कागदपत्रे ठेवू नका.