कोऱ्या सुरीचा थाट

खंदकातल्या हातघाईसाठी अमेरिकन सैन्याने बनवून घेतलेल्या सुऱ्या जमवणाऱ्यांचा एक पंथच अमेरिकेत आहे. आमचे साडू नोकरीसाठी कनेक्टिकटला गेले आणि या पंथाला लागले. पंथाचा पहिला नियम असा, की जी सुरी खंदकात कधी उतरलीच नाही, तिचा भाव सर्वांत चढा. जिच्या पात्यावर दगडाने धार लावल्याच्या खुणा आहेत, ती ‘यूज्ड’. जी गोदामात ग्रीस फासून जन्मभर पडून राहिली, ती ‘अनइश्यूड’. तिच्यापायी लोक पगार उडवतात. काहीही न करण्याचा एवढा मान सरकारी नोकरीबाहेर मी प्रथमच पाहिला.

साडूंकडची सर्वांत जुनी सुरी पहिल्या महायुद्धातली. पातं त्रिकोणी, म्हणजे खुपसता येतं, कापता येत नाही. सैनिकाला पाव कापायचा झाला तरी पंचाईत. तिच्यावर ‘ओ.सी.एल.’ ही अक्षरं आहेत. ओनायडा कम्युनिटी लिमिटेड. जॉन हम्फ्री नॉइस नावाच्या गृहस्थांनी १८४८ साली न्यूयॉर्क राज्यात एक धार्मिक वसाहत काढली होती. तिथे मालमत्ता सामाईक आणि लग्नंसुद्धा सामाईक! एवढ्या प्रेमाचा व्हायचा तो शेवट झाला. १८८१ साली वसाहतीची कंपनी झाली, कंपनी काटे-चमचे करत असे आणि युद्ध आल्यावर सुऱ्या.

१९१८च्या ‘मार्क वन’ची मूठ पितळी. चार बोटं अडकवायला चार कड्या, आणि बुडाशी शत्रूची कवटी फोडायला एक टोकदार बोंडूक. करणारे लँडर्स, फ्रेरी अँड क्लार्क, मुक्काम न्यू ब्रिटन, कनेक्टिकट. ‘युनिव्हर्सल’ नावाची त्यांची कॉफीची भांडी घरोघर होती. मात्र त्यांच्या सुऱ्या पुरेशा संख्येने आघाडीवर पोचण्याआधीच, नोव्हेंबर १९१८मध्ये, युद्ध आटोपलं. माल गोदामात गेला. पुढच्या महायुद्धात त्यातल्या बऱ्याच बाहेर निघाल्या आणि छत्रीधारी सैनिकांच्या हाती पडल्या. साडू हा भाग सांगताना हळहळतात. सैनिकांसाठी नव्हे, सुऱ्या वापरल्या गेल्या म्हणून.

बरं, कोरी सुरी मिळाली म्हणून सुख लागतं असंही नाही. मार्क वनच्या नकला उदंड निघाल्यात. त्यामुळे सुरी जितकी नवी दिसेल, तितका संशय दाट. डागाळलेली असेल तर भाव पडतो, नसेल तर झोप उडते. साडू भिंग लावून ‘यू.एस. १९१८’मधल्या एकेका अक्षराची कड तपासत बसतात. आमच्या मेहुणीच्या मते लग्नाआधी मुलगी बघायला आले तेव्हाही त्यांनी एवढं निरखून पाहिलं नव्हतं.

शिवाय सोवळं कडक. पांढरे सुती हातमोजे चढवल्याशिवाय स्पर्श नाही. “अहो, घामात क्षार असतात!” असं म्हणून त्यांनी माझा हात हवेतच अडवला होता. पाहुण्यांत फक्त माझाच घाम खारट आहे, असा त्यांचा सूर होता. १९४३च्या ‘एम थ्री’चं म्यान चामड्याचं. चामडं कमावताना वापरलेल्या द्रव्यांमुळे पात्याला गंज चढतो, म्हणून सुरी एका खणात, म्यान दुसऱ्यात. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत हे आपण ऐकून असतो. साडूंच्या घरी एका म्यानात एकही राहत नाही.

गेल्या उन्हाळ्यात सासूबाई मिरजेहून तिकडे गेल्या. जावयाच्या कपाटात पितळेची वस्तू काळी पडलेली त्यांच्याने बघवली नाही. चिंच भिजवली, चिमूटभर मीठ घेतलं आणि मार्क वनची मूठ समईसारखी लख्ख केली. चारही कड्यांत बोट घालून कोपरान् कोपरा घासला होता. शंभर वर्षांचा काळसर मुलामा, ज्याला पंथात ‘पटिना’ म्हणून पुजतात, मोरीतून वाहून गेला. जावई घरी येताच म्हणाल्या, “जावईबापू, अडकित्ता धरायला जरा अवघड आहे हो तुमचा, पण चांगला जाड आहे.” साडूंच्या तोंडातून शब्द फुटेना. सासूबाईंनी त्याचा अर्थ जावयाला भरून आलं असा घेतला, आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्या चिंचेची आमटी केली.

त्या धक्क्यानंतर साडूंनी नवा मार्ग काढला. त्यांनी एम थ्रीचा मेणकागदात गुंडाळलेला, सीलबंद पुडा विकत घेतला. कागद फाडला तर किंमत उतरणार, म्हणून तो कधीच उघडायचा नाही. चिंचेची भीती गेली, घामाची गेली, गंज दिसण्याचं तर कारणच उरलं नाही. सासूबाईंनी पुडा उलटासुलटा करून विचारलं, “आत सुरीच आहे कशावरून?” साडू हसले. मग हसायचे थांबले. रात्री सगळे झोपल्यावर ते हातमोजे चढवून स्वयंपाकघरात गेले आणि पुडा कणकेच्या वजनकाट्यावर ठेवला. आकडा बरोबर आला. तरीही, पुड्याएवढ्याच वजनाचं दुसरं काय काय असू शकतं, याची यादी ते अजून करताहेत.