साठीची बेटकुळी

हल्ली प्रत्येक सोसायटीत एक तरी गृहस्थ असा असतो, ज्याने निवृत्तीपर्यंत पेनापेक्षा जड काही उचललेलं नसतं आणि जो आता लिफ्टमध्ये भेटला की नमस्काराआधी दंड पुढे करतो. "दाबून बघा." आपण दाबतो. दंड इडलीसारखा लागतो. पण समोरच्या चेहऱ्यावर दहावीच्या निकालाची धाकधूक असते, म्हणून आपण म्हणतो, "वा! दगड आहे दगड!" आमच्या सोसायटीत हा मान दुसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे आहे. वय ६३, बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त.

या मंडळींच्या जिमप्रवेशामागे बहुधा एक अपमान असतो. कुणाला बसमध्ये कॉलेजची मुलगी "बसा आजोबा" म्हणते, कुणाला सून लोणच्याची बरणी उघडून देते. काकांचा अपमान साक्षात सत्यनारायणासमोर झाला. पाचवा अध्याय संपला, गुरुजी म्हणाले, "आरतीला उभे राहा." सगळं घर उभं राहिलं. बसून राहिले ते दोघेच: चौरंगावर देव आणि पाटावर काका. शेवटी जावयाने काखेत हात घालून त्यांना उचललं. "सावकाश यजमान, देव थांबतो," गुरुजी म्हणाले. देव थांबला, कापूर तेवढा विझला.

दुसऱ्या दिवशी काकांनी जिमची वर्षाची फी एकरकमी भरली. हप्त्याने भरणाऱ्याचं मन डळमळतं, हे त्यांना कर्जखात्यात बसून पक्कं ठाऊक झालं होतं. मग बूट आले, हातमोजे आले आणि एक लांबुडकी वही आली. वहीत तारीख, व्यायाम, वजन, आवर्तनं असे रकाने आणि पहिल्या ओळीत, "आरंभीची शिल्लक : शून्य."

त्यांचा ट्रेनर तेवीस वर्षांचा. काका त्याला 'सर' म्हणतात. तो बिचारा संकोचून म्हणतो, "काका, सर नका ना म्हणू." पहिला महिनाभर त्याने काकांना फक्त खुर्चीवरून उठवलं आणि बसवलं. "यासाठी पैसे भरले? हे तर मी बँकेत पस्तीस वर्षं केलं," काका म्हणाले. "बसण्याचं केलंत काका. उठण्याचं आता करा," सर म्हणाले.

पुढे दांडीची ओळख झाली. 'रिकामी दांडी उचला' म्हटल्यावर काका बेफिकीर वाकले आणि वाकलेलेच राहिले. रिकामी दांडीच २० किलोची असते. तेव्हापासून दांडीचं वजन धरूनच बेरीज लिहायची, असा त्यांचा दंडक आहे. ट्रेनर सांगतो दोन्ही बाजूंना दहा-दहा, काका लिहितात ४०. ताळेबंदात मालमत्ता वगळणं त्यांना खपत नाही. एकच वाद अजून मिटलेला नाही. ट्रेनर ओरडतो, "लास्ट दोन, काका!" दोन झाले की पुन्हा, "लास्ट दोन!" बँकेत शेवटची तारीख म्हणजे शेवटची तारीख.

दोन महिन्यांनी दांडीवरचं वजन दुप्पट झालं, पण बेटकुळी काही वर येईना. काका हिशेबात चूक शोधू लागले. सरांनी सांगितलं, "सुरुवातीला स्नायू फारसे वाढत नाहीत काका. आहेत त्यांनाच कामाला लावायला मज्जासंस्था शिकते." हे काकांना लगेच पटलं. "म्हणजे नवी भरती नाही. जुनाच स्टाफ, जो इतके दिवस चहाला गेला होता, तो टेबलावर आला!"

संध्याकाळी कट्ट्यावर पूर्वी शेअरबाजार चालायचा, आता सार्कोपेनिया, म्हणजे वयापरत्वे होणारी स्नायूंची झीज, चालतो. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू गळतात आणि साठीनंतर गळती आणखी वाढते, हे काका महागाईदराच्या सुरात सांगतात. "आम्ही रोज चार किलोमीटर चालतो की," असं कुणी म्हणालं की काका त्याच्याकडे बचत खात्यात सगळी पुंजी ठेवलेल्या माणसासारखं बघतात. "चाला, जरूर चाला. हृदयाला चांगलं. पण आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना जड काम द्या, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते." तेवढ्याने भागलं नाही, तर बोस्टनचा प्रयोग बाहेर निघतो. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली! कट्टा क्षणभर गप्प होतो. मग कुणीतरी शांतपणे म्हणतं, "नव्वदीत जमतं ना? मग आपल्याला अजून वीस-पंचवीस वर्षं आहेत."

काका उसासा टाकतात. समर्थांनी गावोगाव मारुती बसवले ते बलोपासनेसाठी, आणि आपण काय करतो? शनिवारी एक पळी तेल मारुतीला घालतो आणि उरलेलं स्वतःच्या गुडघ्यांना चोळतो.

घरचा मुख्य प्रश्न प्रोटीनचा. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रोटीन, पण काकूंच्या ओट्यावर अंड्याला प्रवेश नाही. तडजोड म्हणून बाल्कनीत एक वेगळी शेगडी आणि एक वाळीत टाकलेलं पातेलं आहे. बाकी हिशेब फुटाणे, मूग आणि पनीरवर चालतो. परवा पितृपक्षात एका घरी जेवताना काकांनी उडदाचा तिसरा वडा मागून घेतला. यजमान गहिवरले, आमच्या वडिलांना पण फार आवडायचा म्हणाले. काका मनात ग्रॅम मोजत होते.

काकूंचं या सगळ्यावर थेट मत असं नाही. मात्र एका मंगळवारी सिलिंडर आला आणि त्या म्हणाल्या, "अहो, तेवढा आत घ्या." आत गॅस १४.२ किलो, वर लोखंड, मिळून तीसच्या घरात. काका आदल्याच दिवशी ५० उचलून आले होते. सोफ्यावरून म्हणाले, "आज माझा रेस्ट डे आहे."

काकूंनी पदर खोचला, सिलिंडर खालच्या कड्यावर कलता केला आणि एका हाताने वरचं कडं गाडीच्या स्टिअरिंगसारखं फिरवत तो गोल गोल चालवत स्वयंपाकघरात नेला. हातमोजे नाहीत, 'लास्ट दोन' नाही, वहीत नोंद नाही. तीस वर्षं हेच. काकांनी पाहिलं, आणि मला वाटतं त्या दिवशी प्रथमच त्यांना शंका आली, की घरातली आरंभीची शिल्लक दुसऱ्याच खात्यावर आहे. पुढचा सिलिंडर त्यांनी आत नेला. उचलून. पाठ सरळ, कमरेतून वाकून, श्वास सोडत. "फरशीला ओरखडा नाही पडला," काकू म्हणाल्या. काकूंच्या कोशात याहून मोठं कौतुक नाही.

यंदा श्रावणात पुन्हा सत्यनारायण झाला. पाचवा अध्याय संपला. जावई तयारीने पुढे सरकला. काकांनी त्याला डोळ्यांनीच थोपवलं, पाय जवळ घेतले, पुढे झुकले आणि हात न टेकता सरळ उभे राहिले. विजयी नजरेने त्यांनी सगळीकडे पाहिलं. कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळे देवाकडे बघत होते. काका क्षणभर घुटमळले, पुन्हा पाटावर बसले आणि पुन्हा उठले.

"यजमान, काही राहिलं का?" गुरुजींनी विचारलं.

"नाही, नाही. चालू द्या." मग त्यांना शेजारच्या पाटावर काकू दिसल्या, एक हात गुडघ्यावर, एक जमिनीवर. काकांनी हात पुढे केला. "श्वास सोडत ऊठ."

"आधी आरती म्हणा," असं म्हणत काकूंनी हात धरला.

प्रसाद घेऊन निघताना काकांनी मला थांबवून वही दाखवली. त्या दिवशीची नोंद शाईने केली होती. व्यायाम : पाटावरून उठणे. वजन : स्वतःचे, ७४ किलो. आवर्तने : २. आणि खाली, बारीक अक्षरात, आणखी एक ओळ : 'हिला उठवणे.' त्यापुढे वजनाचा रकाना मात्र कोरा होता. "तो आकडा विचारायची," काका हळूच म्हणाले, "अजून ताकद आलेली नाही."