आधी डोक्यावरचं बघा

“ऐकलंस का, कोपऱ्यावरच्या सरांनी एसी घेतला म्हणं.”

“म्हणं काय आक्का, कधीच बसवला. परवापासून सगळं घर एकाच खोलीत झोपायलंय. सर, बाई, सासूबाई, दोन लेकरं आणि हैदराबादहून आलेले मेहुणे. बाई म्हणत होत्या, गार लई लागतं, पण कूस बदलायची तर सगळ्यांनी मिळून बदलावी लागती.”

“आन् ते बाहेरचं खोकं कुठं टांगलंय?”

“बरोब्बर बँकवाल्या काकूंच्या स्वयंपाकघरासमोर. काकू इकडं फोडणी टाकतात आणि तिकडून सरांच्या खोलीतली गरम हवा तोंडावर येती. दोन्ही घरांत बोलणं बंद आहे.”

नांदेडला मे महिन्यात गप्पा मारायच्या तर त्या संध्याकाळी साडेसहानंतरच. दिवसभर गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नाही. ऊन कललं की जो तो नळी घेऊन अंगणात पाणी मारायला निघतो आणि कंपाउंडच्या दोन्ही बाजूंनी डोकी वर येतात. आमची भिंत छातीइतकीच आहे, बोलायला सोयीची. पलीकडं आक्का. मूळच्या औशाकडच्या, लेकाच्या नोकरीपायी नांदेडला आलेल्या, आणि उन्हाळा लागला की लातूरची बाजू घेऊन भांडणाऱ्या.

“तुमच्या नांदेडाला रात्र बी रात्र न्हाई. आमच्याकडं दिवसा काय तापायचं ते तापू दे, पहाटं चादर घ्यावी लागती अंगावर.”

चादरीचं सोडा, ते माहेरचं कौतुक आहे. पण बोलण्यात तथ्यही आहे. लातूर बालाघाटाच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर. नांदेड गोदावरीच्या काठी, चारशेच्याही खाली. नुसत्या उंचीनंच अंश-दीड अंशाचा फरक पडतो आणि झोपेच्या वेळी तो दीड अंश चांगलाच कळतो. हे मी आक्कांपुढं कबूल करत नाही, गोदावरी आमची आहे एवढंच सांगते.

कूलर मात्र दोन्हीकडं सारखाच. पाडव्याच्या सुमारास माळ्यावरून खाली उतरतो, जुनं गवत काढून नवं भरायचं, पंपाला तेल-पाणी, पत्र्याला रंगाचा हात. पण तो लावायचा कसा, यावरून या गल्लीत जितकी मतं आहेत तितकी निवडणुकीत नसतील. मागच्या घरातल्या भाडेकरूंनी कूलर खोलीच्या मधोमध ठेवला, दारं-खिडक्या एसीसारख्या गच्च लावल्या आणि रात्री विचारायला आल्या, अंग चिकचिक का करतंय.

“चिकचिक करंल न्हाई तर काय! वल्ली हवा कोंडून ठिवली की,” आक्का म्हणाल्या. त्यांना शाळा सातवीपर्यंतची, पण नेमकं बोलल्या. कूलरची पाठ खिडकीबाहेर हवी, म्हणजे तो बाहेरची कोरडी हवा ओढतो. आणि समोरच्या बाजूला एक खिडकी वीतभर उघडी हवी, म्हणजे ओली हवा निघून जाते. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती त्याच हवेतून काढून घेतली जाते, एवढंच त्या यंत्राचं गुपित. एक लिटर पाणी उडून जाताना जवळजवळ दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता घेऊन जातं. बाहेर बेचाळीस अंश आणि हवेत आर्द्रता वीस टक्के असेल, तर चांगलं गवत भरलेला कूलर सत्तावीस-अठ्ठावीस अंशांची हवा फेकतो. वीज म्हणाल तर दीड टनाचा एक एसी चालतो तेवढ्यात सहा-सात कूलर चालतील.

पण हे सगळं हवा कोरडी असली तरच, म्हणून आमच्याकडं कूलरची मिजास मृग लागेपर्यंतच. जूनमध्ये हवा दमट झाली की पाणी उडत नाही, नुसता घोंगाट राहतो. त्या दिवसांत पंप बंद ठेवून कोरडा पंखाच चालवावा. गवतात वाळा घातला तर वास सुंदर येतो, गारवा काही त्यानं फार वाढत नाही. पण वास आला की माणसाला गार वाटतं, हेही खोटं नाही. बोअरचं जड पाणी असलं की गवतावर पांढरी खपली धरते आणि हवा अडते. आणि टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून, पुसून कोरडी करायलाच हवी, नाहीतर डेंग्यूचे डास तिथंच वाढतात. हे महापालिकेच्या ताई दारोदार सांगून जातात, आपण मान डोलावतो आणि आत जाऊन टाकीत अजून एक बादली ओततो.

“पन पाण्याचं काय गं?” आक्कांनी विचारलं. “नांदेडकरांना ईष्णुपुरीचं धरण हाय म्हणून तुम्हास्नी कूलर सुचतो.”

त्यावर मी गप्प. मोठ्या कूलरची पन्नास लिटरची टाकी कडक दुपारी पाच-सहा तासांत संपते. 2016 साली लातूरला हे पाणी कुठून आणायचं होतं? मांजरा धरण कोरडं, पाण्याच्या टाक्यांभोवती मार्चमध्ये जमावबंदी, आणि शेवटी मिरजेहून रेल्वेनं कृष्णेचं पाणी आणावं लागलं. पहिली गाडी 12 एप्रिलला पोचली, दहा वाघिणींत मिळून पाच लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली, तिला ‘जलदूत’ म्हणायचे.

“माझ्या धाकटीच्या घरी त्या साली कूलरमधी कांदे भरून ठिवले होते,” आक्का सांगतात. “हवा खेळती म्हणून कांदे झकास ऱ्हायले. माणसं मातर उकडून निघाली.”

एसीला वीज लागते, कूलरला पाणी लागतं, आणि मराठवाड्यात उन्हाळ्यात नेमकी या दोन्हींचीच ओढाताण. तेव्हा ज्याला दोन्हीही लागत नाही ते आधी करावं, हे आक्कांचं म्हणणं मला पटलेलं आहे. त्यांच्या भाषेत, “आधी डोक्यावरचं बघा.” म्हणजे गच्ची.

एकमजली घराला सगळ्यात जास्त ऊन छतावरून मिळतं. चार-पाच इंची स्लॅब दुपारी दोनला जे ऊन पितो, ते संध्याकाळी सहाला खाली सोडायला लागतो आणि मध्यरात्रीपर्यंत सोडत राहतो. आपण छताचा पंखा पाचवर ठेवतो, तो तीच गरम हवा अंगावर ढकलतो. म्हणून तर बाहेर वारं गार झालं तरी आत भट्टी, आणि माणसं शहाबादी फरशीवर पाणी शिंपडून आडवी.

“आमच्या माळवदात असं न्हवतं,” आक्का म्हणाल्या आणि नळी खाली ठेवली. नळी खाली ठेवली की गोष्ट लांबते, हे मला माहीत आहे. “भिंती दोन-दोन हात रुंद. दगड आन् पांढरी माती. वर तुळया, फळ्या, पाला, आन् त्याच्यावर हातभर माती. उजेडाला एक सवणं ठिवलेलं. भर दुपारी भाईरून आलं की डोळ्याला अंधार आन् पायाला गार. पंखा न्हवता, कुणी मागितला बी न्हाई.”

खरंच आहे. एवढ्या जाड भिंतीतून उन्हाची धग आत पोचायला अर्धा दिवस लागतो, तोवर बाहेर रात्र झालेली असते. मग सवणं आणि दारं उघडी टाकली की घर पुन्हा गार होतं. पुण्या-मुंबईची हौशी मंडळी हल्ली यावर भरभरून लिहितात, मातीच्या घरांकडं परत चला म्हणतात. मला ते वाचून चीड येते, कारण पुढची गोष्ट त्यांच्या लेखात नसते. आक्का ती दर उन्हाळ्यात एकदा तरी सांगतात.

माळवद गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी वर नवी माती टाकायची. आजोबांनी टाकली, बापानं टाकली, लेकानं टाकली. थर वाढत गेला, खालची लाकडं जुनी झाली. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना भूकंप झाला. गणपती बुडवून गावं नुकती झोपली होती. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं त्या दगड-मातीखाली गेली, सुमारे दहा हजार माणसं. बावन्न गावं उचलून दुसरीकडं वसवावी लागली.

“त्याच्याफुडं कोण झोपंल माळवदाखाली?” आक्का म्हणतात. “गावच्या गाव वरीसभर भाईर झोपलं. थंडी बघितली न्हाई, पाऊस बघितला न्हाई. मग पत्रे आले. पत्रा तापतोय, तापू दे. पडला तर मरत तर न्हाई माणूस.”

तेव्हा लातूर-धाराशिवकडचे लोक पत्र्याखाली आणि स्लॅबखाली का उकडत बसले, याला अडाणीपणा म्हणू नये. गारवा हवा तर वजन न वाढवता मिळवायला हवा, एवढीच अट आहे. आणि ते जमण्यासारखं आहे.

सगळ्यात स्वस्त म्हणजे चुना. गच्ची झाडून धुवायची, चुना रात्रभर भिजवायचा, गाळायचा, धरून राहावा म्हणून थोडा डिंक नाहीतर फेविकॉल मिसळायचा आणि दोन-तीन हात मारायचे. पांढरी गच्ची ऊन परत पाठवते, काळपट स्लॅब ते पितो. खोलीतला उकाडा दोन ते पाच अंशांनी उतरतो असा अनुभव आहे. पाच सगळीकडं मिळत नाहीत, पण दोन मिळाले तरी रात्रीची झोप येते. पावसात चुना धुऊन जातो, म्हणजे दरवर्षी करणं आलं. छतासाठीचे खास पांढरे रंग मिळतात, ते महाग पण काही वर्षं टिकतात. हे काही आमच्या गल्लीचं डोकं नाही. 2010च्या लाटेत अहमदाबादेत माणसं गेली, त्यानंतर 2013 साली त्या शहरानं उष्णतेचा आराखडा केला आणि पुढं झोपडपट्ट्यांची छतं पांढरी करायला घेतली. देगलूरच्या पलीकडं तेलंगणा लागतो, तिथल्या सरकारनं 2023 साली थंड छतांचं धोरणच काढलं. चुना इकडंही मिळतो, धोरणाची वाट बघायची गरज नाही.

विरोध आला तो बँकवाल्या काकूंकडून. त्या मागच्या भिंतीवरून ऐकत होत्या, हे आम्हाला नंतर कळलं.

“आणि कुरडया कुठं घालायच्या? पापड? सांडगे? सगळ्याला चुना लागंल की!”

प्रश्न रास्त होता. मराठवाड्यात गच्ची ही मे महिन्यात बायकांच्या मालकीची असते आणि सरकारनं धोरण काढताना हे विचारात घेतलेलं नसणार.

“बाजेवर घाला,” आक्का म्हणाल्या. “जुनं लुगडं आंथरा. खालनं बी वारं लागतंय, लौकर वाळत्यात.”

“आणि समोरच्यांच्या वरच्या मजल्यावर उजेड किती जाईल, डोळे दिपतील त्यांचे.”

“त्यांचे दिपू दे,” काकू स्वतःच म्हणाल्या. समोरच्यांशीही त्यांचं फारसं जमत नाही.

मागच्या भाडेकरूंना पत्रा आहे. त्यांना चुन्यापेक्षा सावलीचा उपयोग जास्त. लातूरकडं पत्र्यावर तुराट्या नाहीतर उसाचं पाचट टाकतात, आमच्या नांदेडकडं पऱ्हाट्या. गार होतं हे खरं, पण एका ठिणगीचं काम आहे, चूल नाहीतर फटाका जवळ असला तर नकोच. हिरवी जाळी बांधली तर पत्र्याला चिकटवू नये, दीड-दोन फूट वर ताणावी, म्हणजे मधून वारं वाहतं. चिकटवलेली जाळी पत्र्यासोबतच तापते. आतून पत्र्याखाली बांबूचे तट्टे बांधले, मध्ये हातभर जागा सोडली, तरी डोक्यावरची धग कमी होते.

बाकीचं सगळ्यांना माहीत असतं, फक्त कुणी करत नाही. सकाळी नऊच्या आत खिडक्या लावायच्या, पडदे ओढायचे. “हवा येऊ दे” म्हणून दुपारी खिडकी उघडणारा नवरा घरोघर आहे. येते ती झळ. पश्चिमेच्या खिडकीला आतून पडदा लावून फारसं भागत नाही, ऊन काचेतून आत आलेलंच असतं. बाहेरून तट्ट्या लावावा, नाहीतर गोणपाट टांगून ओलं करावं. रात्री समोरासमोरच्या खिडक्या उघडायच्या, चोराची भीती असली तर जाळीचं दार करून घ्यायचं.

आणि म्हाताऱ्या माणसांचं जपावं. खोलीच चाळीसच्या वर गेली असेल तर नुसता पंखा अंगाला गार करत नाही, उलट तापवतो, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. तेव्हा अंगावर ओलं फडकं हवं, पाणी हवं. माणूस बरळायला लागला, अंग तापलं, तर कांदा हुंगवत बसू नये. अंगावर पाणी मारावं, वारा घालावा आणि 108 ला फोन करावा.

“मग कधी मारायचा चुना?” मी विचारलं.

“रविवारी. गोणी अर्धी-अर्धी,” आक्का म्हणाल्या. “बरश तुझा.”

“रविवारी नाही जमणार,” काकू मागून म्हणाल्या. “माझा गव्हाचा चीक तयार आहे. उद्या कुरडया घालायच्या, त्या नीट वाळायला तीन-चार दिवस तरी. त्याच्याआधी कुणी गच्चीवर चुना नेला तर बघा.”

आक्कांनी नळी उचलली. “बरं, गुरवारी. पन कुरडया निम्म्या आमच्या.”