मनोमीलनाच्या फ्लेक्सचं बिल

प्रति,
मा. भाऊ
(माजी आमदार, भावी आमदार, तूर्त नाराज)

विषय : मनोमीलन मेळाव्याच्या फ्लेक्सचे बिल व त्या अनुषंगाने थोडेसे.

भाऊ,

रविवारच्या मेळाव्यात तुम्ही आणि दादांनी एकमेकांना पेढा भरवला, तेव्हा तुमच्या मागे जो वीस बाय दहाचा फ्लेक्स होता तो आमच्या दुकानातला. तो उशिरा लागला म्हणून तुमच्या पीएंनी मला मंगल कार्यालयाच्या दारात केटरिंगच्या पोरांसमोर झापलं. झापण्याचा अधिकार त्यांना आहे. दिवाळीपासूनची थकलेली बिलं देण्याचा मात्र नाही, असं ते स्वतःच सांगतात.

उशिराचं कारण लेखी देतो. दोन्ही नेत्यांचे चेहरे एका मापाचे हवेत, असा वरून आदेश होता. तुमचा माणूस दुकानात येऊन स्क्रीनवर बोट ठेवून बसला, दादांचा माणूस टेप घेऊन आला. हनुवटीपासून की फेट्यापासून मोजायचं यावर अर्धी रात्र गेली. दोघं इंच-सेंटीमीटरवरून तुटेपर्यंत भांडले. भाव त्यांनी विचारला नाही, तेव्हाच मला अंदाज यायला हवा होता. माप जुळलं तर तोंडं जुळेनात. भाऊ, तुमच्या प्रत्येक फोटोत तुम्ही उजवीकडे बघता आणि दादाही उजवीकडेच बघतात. शेजारी शेजारी ठेवलं की एकाने दुसऱ्याकडे पाठ फिरवलेली. दादांना उलटवून पाहिलं, तर त्यांचं घड्याळ आणि खिशातलं पेन भलत्याच बाजूला गेलं. "काहून जी, आमच्या दादांना डावखुरे केलं?" म्हणून पोरं अंगावर आली. शेवटी उजव्या टोकाला वरच्या साहेबांचा फोटो टाकला. आता तुम्ही दोघंही साहेबांकडे बघताय असं वाटतं, जे खरंच आहे.

या कामात मी आजचा नाही. 1995 ला फ्लेक्स नव्हते. कापडावर ब्रशने रंगवायचो. त्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेस 141 वरून 80 वर आली आणि 45 अपक्ष निवडून आले, त्यात तिकीट हुकलेले कितीतरी. शेजारच्या काटोलचे अनिल देशमुख अपक्ष म्हणून जिंकले आणि युतीच्या सरकारात मंत्री झाले. तिकडे इंदापूरचे हर्षवर्धन पाटीलही तसेच. तेव्हापासून आपल्या भागात यादीतून नाव गळालेल्या प्रत्येक माणसाला रात्री झोपेत काटोल दिसतं. तिकीट दादांना गेलं तेव्हा तुम्हालाही दिसलं. "जनतेचा उमेदवार" एवढे दोनच शब्द मोठे, चिन्हाची जागा मोकळी, पक्षाचा रंग कुठंही नको पण अगदीच नाही असंही नको, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. मग माघारीच्या शेवटच्या दिवशी, तीन वाजायला आले असताना तुम्ही अर्ज मागे घेतला. छापलेले फ्लेक्स आजही गोदामात आहेत. पावसात वरच्या पत्र्याला लावायला बरे पडतात.

अर्ज मागे घेतलात, पण हातातली काठी ठेवली नाहीत. प्रचारात तुम्ही दादांच्या व्यासपीठावर बसलात, मोबाइल बघत. गावोगाव निरोप गेला की भाऊंचं यंदा काहीच म्हणणं नाही. तुमचं म्हणणं नसलं म्हणजे काय करायचं, हे तुमच्या माणसांना पाठ आहे. दादा पडले. पुढच्या खेपेला तिकीट तुम्हाला मिळालं, तर त्यांचंही काही म्हणणं असणार नाही. सांगलीत तर वसंतदादा आणि राजारामबापू जाऊन कित्येक वर्षं झाली, तरी दादा-बापू वाद अजून मतं मागत फिरतोय. तुमची तब्येत चांगली आहे, दादांचीही. म्हणजे अजून बरीच वर्षं आहेत.

हे सगळं मी हसून सोडलं असतं. धंदा आहे, तुम्ही भांडलात तर दोन फ्लेक्स, मिटलात तर एक. खरं सांगायचं तर मिटण्यातच माझा तोटा.

पण भाऊ, बांबूवर चढणारा माझा पोरगा तुम्हाला आठवतो का? उंच, सावळा, तुमच्या वाढदिवसाला ग्रामीण रुग्णालयासमोरचा फ्लेक्स पहाटे चार वाजता बांधणारा? नसेल आठवत. तिकिटाच्या दिवसांत बसस्टँडच्या चौकात त्याने दादांचा फ्लेक्स बांधला. दोर तुमच्या फ्लेक्सच्या कोपऱ्यावरून गेला आणि तुमच्या कपाळाचा थोडासा भाग झाकला गेला. तेवढ्यावर तुमच्या पोरांनी त्याला खाली ओढून बांबूनंच मारलं. तो कोणत्याही गटाचा नव्हता, रोजंदारीचा होता. दादांची पोरं धावून आली, त्याला वाचवायला कमी आणि संधी साधायला जास्त. दोन्हीकडून तक्रारी गेल्या आणि दोन्हींत त्याचं नाव आलं. एकीत मार खाणारा, दुसरीत मारणारा. तो पोलीस भरतीची तयारी करत होता. रोज पहाटे मैदानावर पळायचा, मग माझ्याकडे यायचा. आता चारित्र्य पडताळणीचा कागद आला की त्यावर गुन्हा दिसतो. वय निघून चाललं आहे.

आणि तुम्ही पेढा खाल्लात! एकाच ताटातला! तुमच्या कपाळासाठी ज्याचं डोकं फुटलं तो त्याच मंगल कार्यालयाच्या बाहेर शिडी धरून उभा होता, कारण तुमचा तो एकोप्याचा फ्लेक्स त्यालाच बांधायचा होता. तुम्ही दोघंही त्याच्या शेजारून आत गेलात. पोरांच्या त्या दोन टोळ्यांतल्या एकानेही, एवढ्या दिवसांत, "चूक झाली" म्हटलेलं नाही. तुम्ही तर नाहीच. लाज वाटत नाही का भाऊ? हे वाक्य मी दोनदा खोडलं आणि परत लिहिलं. राहू द्या.

तरीही तुमचा राग पूर्ण येत नाही, ही माझी अडचण आहे. यादी आली त्या रात्री तुम्ही एकटेच दुकानात आला होतात. गाडी लांब उभी केली होती. नाव कापल्याचं तुम्हाला कुणी फोन करून सांगितलं नव्हतं. टीव्हीच्या खालच्या पट्टीवर वाचलंत. आयुष्यभर ज्या पक्षाच्या सतरंज्या उचलल्या, त्याने एक फोनही खर्च केला नाही. मुंबईहून निरीक्षक आले होते, इच्छुकांच्या मुलाखती झाल्या, तुम्ही गाड्या भरून माणसं नेलीत, दादांनीही नेली. माणसं दिसली, मोजली कुणी नाहीत. तुम्ही किती मतांनी हरलात, हे तुम्हाला कोण सांगणार? ज्याची मोजणीच झाली नाही तो हरलो असं का मानेल? तुम्ही मशीनच्या आवाजात काहीतरी म्हणालात, मला ऐकू आलं नाही, आणि मी परत विचारलं नाही.

मोजणी झाली म्हणजे मिटतं, असंही नाही म्हणा. ती हौस आपल्याच जिल्ह्यात होऊन गेली. 2014 मध्ये राहुल गांधींनी देशातल्या मोजक्या मतदारसंघांत उमेदवार निवडायला पक्षातल्या पक्षात मतदान घेतलं, त्यात वर्धा होतं. उमेदवारी सागर मेघ्यांना मिळाली. लोकसभेत ते भाजपच्या रामदास तडसांकडून हरले. काही महिन्यांत मेघे घराणंच भाजपमध्ये गेलं आणि त्याच वर्षी धाकटे समीर मेघे हिंगण्यातून भाजपचे आमदार झाले. मेघे आणि राव या दोन गटांचं काँग्रेसमधलं वैर जुनं. 2019 ला मग प्रभा रावांच्या कन्या चारुलता टोकस उभ्या राहिल्या, त्याही तडसांपुढेच पडल्या. 2024 ला जागा शरद पवारांच्या राष्ट्रवादीला गेली आणि आर्वीचे अमर काळे, जे काँग्रेसचेच आमदार होते, तुतारी घेऊन जिंकले. ज्या पक्षाने मतदान घेतलं त्याच्याकडे आता ही जागाही नाही आणि मतदान जिंकलेलं घरही नाही.

अमेरिकेत तर गावोगाव हे मतदान होतं, बहुतेक ठिकाणी सरकारी यंत्रणेवर होतं, आणि तिथेही अढी राहते. 1980 ला टेड केनेडी विद्यमान अध्यक्ष कार्टर यांच्याकडून सरळ मोजणीत हरले. न्यू यॉर्कच्या अधिवेशनात शेवटच्या रात्री ते व्यासपीठावर आले, हस्तांदोलन केलं, पण दोघांनी मिळून हात उंच करायचा तो फोटो काही दिला नाही. कार्टर त्यांच्या मागे मागे फिरताना दिसतात. यूट्यूबवर आहे, बघा. नोव्हेंबरात रेगन जिंकले. आमच्यासारखा एखादा तिथे असता तर हात जोडून दिला असता, घड्याळासकट.

असो. बिल सोबत जोडलं आहे. अर्धं तुमच्याकडे, अर्धं दादांकडे, असं दोन्ही पीए सांगतात आणि दोघंही दुसऱ्या अर्ध्याबद्दल बोलतात. ते नाही आलं तरी मी मरत नाही.

पण त्या पोराचं बघा. वकील म्हणतात प्रकरण तडजोडीनं मिटू शकतं, दोन्ही बाजूंच्या फिर्यादींनी कोर्टात येऊन "आमची तक्रार नाही" एवढं सांगायला हवं. एक फिर्यादी तुमचा, एक दादांचा. दोघंही सध्या तुमच्या एकोप्याच्या समितीवर आहेत, म्हणजे रोज भेटतात. पुढची तारीख पोळ्यानंतरच्या सोमवारी आहे, सकाळी अकरा. मागच्या तारखांना तुमचा माणूस दौऱ्यावर होता आणि दादांचा आजारी. या खेपेला त्यांना गाडी द्या. दोघं एकाच गाडीतून आले तरी कोर्ट हरकत घेणार नाही.

आपला,
बसस्टँडमागचा फ्लेक्सवाला