तिसरा ‘ग’ कुठे गेला?

स्वीडनमध्ये शब्दांच्या मधली मोकळी जागा फार जपून सोडावी लागते. ‘श्यूक’ म्हणजे आजारी आणि ‘श्योतेर्स्का’ म्हणजे शुश्रूषा करणारी. दोन्ही चिकटवून लिहिले की झाली परिचारिका. मध्ये बोटभर जागा सुटली, की परिचारिकाच अंथरुणाला खिळते. दुकानात गल्ल्यावर बसणारे ते ‘कस्सापेर्सोनाल’. हेच तोडून लिहिलं तर ‘भिकार कर्मचारी’, आणि पाटी खुद्द मालकाने लावलेली! ‘रोकफ्रित’ हा एक शब्द म्हणजे धूम्रपानास मनाई. त्याचे दोन केले, की खुशाल ओढा.

जोडण्याची रीत तशी आपल्याला परकी नाही. शेवटचं पद मुख्य, बाकीची त्याच्या दिमतीला. घरजावई हा जसा जावईच असतो, घर नव्हे. पहिलं पद जोडताना कधी रूपही बदलतं. रस्ता म्हणजे ‘गाता’, पण रस्त्यावरच्या खाण्याच्या टपरीला म्हणतात ‘गातुश्योक’. आपल्या ‘रस्ता’चं ‘रस्त्या’ होतं, त्यातलाच प्रकार. मला खरी मौज वाटते ती मधल्या ‘स’ची. वाइनचा प्याला तो ‘वीनग्लास’. लाल वाइनचा मात्र ‘रोदवीन्सग्लास’. हा ‘स’ सांगतो, की आधी लाल आणि वाइन एकत्र आले, प्याला मागून आला. म्हणजे वाइन लाल, प्याला नव्हे. गणितात ज्यासाठी कंस घालतात, ते काम इथे एका अक्षरात उरकतं.

असे जोड लावत लावत स्वीडिश अकादमीच्या शब्दसूचीत (ही 1874 पासून निघते) 28 अक्षरांचा एक शब्द येऊन बसला आहे. अर्थ आहे भांडवली नफ्यावरची करआकारणी. लांबी पाहूनच कराचा वास येतो म्हणा.

बोलताना यातलं काही अडत नाही. जोडशब्दाला स्वतःची चाल असते. सूर एकदा पहिल्या पदावर उचलला जातो आणि पुन्हा शेवटच्या पदावर. कानाला सांधा बरोबर कळतो. पंचाईत होते डोळ्यांची, त्यातही ओळ संपत आल्यावर. शब्द तोडायचा तर सांध्यावरच तोडा, असा नियम आहे. आता ‘बिल्द्रुल्ले’ घ्या. ‘द’च्या आधी तोडला तर तो बेफाम गाडी हाकणारा, ‘द’च्या नंतर तोडला तर चित्रांची गुंडाळी. अक्षरं तीच, क्रम तोच, फरक एका आडव्या रेघेचा.

याहून गमतीचं आहे च्युइंगम. ‘तुग्ग’ म्हणजे चघळणं, ‘गुम्मी’ म्हणजे रबर. जोडले की ‘ग’ होतात तीन. तीन सारखी व्यंजनं ओळीने बसलेली स्वीडिश लेखनाला खपत नाहीत, म्हणून एकाला घालवतात. पण हाच शब्द ओळीच्या टोकाला तुटला, की घालवलेला ‘ग’ हजर! वरच्या ओळीत दोन, खालच्या ओळीत एक. म्हणजे शब्दाचं स्पेलिंग तो पानावर कुठे पडला यावर ठरतं. आपल्या ऱ्हस्व-दीर्घाला अशी सवलत असती, तर शुद्धलेखनाच्या तासाला सगळा वर्ग ओळीच्या टोकालाच लिहीत बसला असता.

आणि एका शब्दात तर हे सगळं एकवटलं आहे. ‘ग्लास’ म्हणजे काच, ‘ग्लस्स’ म्हणजे आइस्क्रीम. ‘स्कू’ म्हणजे बूट, ‘कू’ म्हणजे गाय. यांचा जोड रोमन लिपीत दोन एस घालून लिहितात. पहिल्या एसनंतर तोडा, सिंड्रेलाचा काचेचा बूट मिळेल. दुसऱ्यानंतर तोडलात, तर आइस्क्रीमची गाय. आणि गाळलेला तिसरा एस परत बोलावलात, तर आइस्क्रीमचा बूट. तेव्हा ही गोष्ट स्वीडिशमध्ये छापणाऱ्यांना एक विनंती आहे: संगणकाने परस्पर पाडलेल्या ओळी छापण्याआधी एकदा नजरेखालून घाला. राजपुत्राला वितळता बूट घेऊन गावभर हिंडायला लावू नका.