खुलासेवार सर

सरांना नकार चालतो. मोघम नकार चालत नाही. अंबडमध्ये ते संगणकाचे वर्ग घेतात आणि फावल्या वेळात मोसंबीच्या आडत्यांना हिशेबाचे प्रोग्राम करून देतात. समोर त्यांना सगळे ‘सर’ म्हणतात, पाठीमागे ‘खुलासेवार’.

हे दुखणं जडलं एका हिशेबपट्टीपायी. वजन गुणिले भाव, वजा हमाली, वजा तोलाई असं फंक्शन त्यांनी पायथनमध्ये लिहिलं आणि एसक्यूलाइट या डेटाबेसला जोडून दिलं. क्वेरी चालवली की प्रत्येक शेतकऱ्याची पट्टी तयार. ऐन आंबिया बहाराच्या गर्दीत पडद्यावर एकच ओळ उमटली: ‘युजर-डिफाइन्ड फंक्शन रेज्ड एक्सेप्शन’.

“सर, काय म्हणायलंय ते?” आडत्यानं विचारलं.

“तुम्ही जोडलेलं फंक्शन बिघडलं म्हणतंय.”

“पण कुठं?”

“ते नाही सांगत.”

रात्रभर चाळल्यावर चोर सापडला. एका पावतीत भावाच्या रकान्यात मुनिमानं ‘ठरायचाय’ असं लिहून ठेवलं होतं. एसक्यूलाइटचा रकाना दिलदार. आकड्याच्या जागी आलेलं अक्षरही मुकाट ठेवून घेतो. त्या शब्दाचा आकडा होईना म्हणून पायथननं हात टेकले होते. त्याला कारण पुरतं ठाऊक होतं, पण क्वेरीपर्यंत पोचली ती नुसती बोंब. ‘एनेबल कॉलबॅक ट्रेसबॅक्स’ हा खटका आधीच दाबला असता तर कारण निदान छापून आलं असतं, हे सरांना पहाटे कळलं. आता त्यांचं प्रत्येक फंक्शन मोडताना निरोप ठेवून मोडतं: “पावती 412. भाव ‘ठरायचाय’. आकडा हवा. मुनिमांना विचारा.”

पुढे त्यांची पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसशी गाठ पडली आणि सर भक्तच झाले. तिथं स्वतःच्या फंक्शनमध्येही ‘रेज’ लिहून चुकीबद्दल तीन ओळी देता येतात: काय झालं, तपशील आणि सूचना. हाच नियम सरांनी गावाला लावला.

“दूध संपलं,” चहावाला म्हणाला.

“हा झाला संदेश. तपशील?”

“म्हैस आटली.”

“सूचना?”

“समोरच्या टपरीवर जा.”

सर खूश होऊन समोर गेले.

गेल्या वर्षी ते मुलगी बघून आले. चार दिवसांनी निरोप आला: “पत्रिका जुळत नाही.” महाराष्ट्रातला सर्वांत जुना मोघम एरर मेसेज! सरांनी लगेच मध्यस्थाला फोन लावला. “नाडी अडली, गण अडला, की पगार?”

मध्यस्थ टाळत राहिला, शेवटी वैतागला. “मुलगी म्हणते, पोह्यात मीठ कमी का, हे तुम्ही तीनदा विचारलं. पुढच्या घरी गप खा!”

सरांना राग आला नाही. नकार, तपशील, सूचना. तिन्ही ओळी जागच्या जागी होत्या. त्यांनी मध्यस्थाचे मनापासून आभार मानले आणि अदबीनं विचारलं, “पण मीठ कमी का होतं?”